त्या क्लबात ठेवलंय काय?

भाऊबीजेला आमचे बंधुराज जेवायला येतात आणि जाताना ओवाळणीबरोबर एक वादही ठेवून जातात. यंदा पाळी माझ्या क्लबाची होती. क्लबाचं बिल नुकतंच आलं होतं, टेबलावर पडलं होतं, आणि पुरणपोळीवर तूप घेता घेता त्यांनी ते वाचून काढलं. म्हणाले, "ताई, दाजींना जाऊन सात वर्षं झाली. तू दारू पीत नाहीस, गोल्फ खेळत नाहीस, पत्ते तुला कधी आवडले नाहीत. मग हे पैसे कशाला भरतेस? त्या क्लबात ठेवलंय काय?"

एवढ्यावर थांबले असते तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या पोळीपर्यंत त्यांनी माझ्यासमोर अख्खं आरोपपत्रच वाढलं. लष्करी अधिकाऱ्यांचे क्लब म्हणजे साहेबाची उष्टी पत्रावळ, स्वस्त दारूचा गुत्ता, सरकारी जमिनीवरची चैन, आणि जवानाला उंबऱ्याबाहेर ठेवणारी उच्चनीच. मी गप्प बसले. ताटावर बसलेल्या माणसाला उलट उत्तर देऊ नये असं आईनं शिकवलंय. आता ते जेवण जिरलं असेल, म्हणून लिहिते.

दारूचा आरोप सगळ्यांत सोपा, तो आधी हातावेगळा करते. फौजी माणसाला स्वस्त रम हवी असेल तर त्याला कॅन्टीनचं कार्ड पुरतं. महिन्याचा कोटा ठरलेला असतो. तो पिशवीत घालून घरी आणायचा आणि लुंगीवर, आपल्या खुर्चीत, आपल्या वेळेला प्यायचा. तीच रम क्लबात घ्यायची तर कॉलरचा शर्ट घाला, बूट घाला, गाडी काढा, पेगामागं चार पैसे जास्त मोजा, आणि पलीकडच्या टेबलावर जुने कमांडिंग ऑफिसर बसलेले दिसले की तिसऱ्या पेगाला हात आखडता घ्या. निव्वळ दारूसाठी क्लबात जाणारा माणूस हिशेबाला कच्चा म्हणायचा. क्लबात जास्त पिणारे नाहीत का? आहेत, दोन-तीन आहेत, त्यांची टेबलं मला पाठ आहेत. ते घरी राहिले असते तरी तेवढंच प्यायले असते, फक्त त्यांना घरी सोडायला कुणी आलं नसतं.

आता बंधुराजांच्या स्वतःच्या क्लबाबद्दल.

दचकू नका, त्यांचा क्लब आहे. त्याला पाटी नाही, बिल येत नाही, म्हणून त्यांना तो दिसत नाही इतकंच. बंधुराजांचा जन्म पंचवटीतला, शाळा तिथलीच, आणि स्टेट बँकेतली अडतीस वर्षांची नोकरीही नाशिक सोडून कुठं झाली नाही. दोनदा प्रमोशन आलं, दोनदा नाकारलं, कारण प्रमोशनबरोबर बदली आली असती. रोज पहाटे गंगेवर फिरायला जाणारी त्यांची सात जणांची टोळी आहे. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) रविवारी फिरणं उरकून मिसळ. २०१९ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी इस्पितळात पोचायच्या आधी या सातांपैकी पाच जण तिथं हजर होते. एकानं पैसे भरले होते, एक डॉक्टरशी बोलत होता, एकानं वहिनीला बळंच चहा पाजला होता. हा क्लब बंधुराजांना फुकट मिळाला असं त्यांना वाटतं. त्याची वर्गणी त्यांनी दोन प्रमोशनं नाकारून भरली आहे.

आम्ही ती वर्गणी भरू शकत नव्हतो. हे तोफखान्यात होते. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांत मी सतरा घरं मांडली आणि मोडली. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं नाव तेच राहायचं, खालचं गाव तेवढं खरवडून नवं लिहायचं. मुलानं बारावीपर्यंत सात शाळा बघितल्या. "मूळ गाव कोणतं?" असं कुणी विचारलं की तो माझ्या तोंडाकडं बघायचा. २००३ मध्ये चोपन्नाव्या वर्षी हे कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही देवळालीत घर घेतलं. कारण एवढंच की स्कूल ऑफ आर्टिलरीमुळं तिथं दोनदा राहून झालं होतं आणि माहेर जवळ होतं. पहिल्या महिन्यात शेजाऱ्यानं यांना विचारलं, "आपण सिक्युरिटी एजन्सीत होता का?" हे घरात येऊन हसले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

देवळालीचं नाव इंग्रजी भाषेत गेलंय हे बंधुराजांना ठाऊक असेलच. एकोणिसाव्या शतकात मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाण्यासाठी इथल्या छावणीत आणून ठेवत. बोटी ठरावीक मोसमातच सुटत, त्यामुळं महिनोन्महिने नुसतं बसून राहायचं. पलटण सुटलेली, काम नाही, घर अजून समुद्रापलीकडं. त्यातले कित्येक चळले. त्यावरून ‘डूलाली’ हा शब्द आला, म्हणजे डोकं फिरलेला. आपला ‘ताप’ जोडून ‘डूलाली टॅप’ असंही म्हणत. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष आमच्या घरात हा शब्द थट्टेनं यायचा. दुसऱ्या वर्षी आम्ही तो थट्टेतही वापरायचं बंद केलं. हे सकाळी सहाला दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून तयार व्हायचे आणि मग कुठंच जायचं नसायचं.

यांना त्यातून क्लबानं काढलं. थोर असं काही घडलं नाही. एका गुरुवारी तंबोल्याला गेलो, आणि दारातच एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ यांच्याकडं बघून ओरडले, एका शिवीसकट, आणि यांना कोर्समधल्या टोपणनावानं हाक मारली. ते टोपणनाव मी सांगणार नाही. तीस वर्षांच्या संसारात मलाही ते माहीत नव्हतं. हे ताठ झाले, हसले, आणि त्याहून वाईट शिवी दिली. आपण कोण हे त्या संध्याकाळी यांना कुणालाही सांगावं लागलं नाही. पंचवटीत जन्मभर राहिलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ कळणं कठीण आहे, हे मी समजू शकते.

क्लबाच्या दाराशी डाव्या हाताला एक नोटीस बोर्ड आहे. तीन रकाने: तंबोला आणि सिनेमाच्या तारखा, थकीत बिलवाल्यांची यादी, आणि तिसरा रकाना कोण गेलं त्याचा. सगळे जण आधी तिसरा बघतात, मग दुसरा, आणि मग पहिला. हे गेले तेव्हा यांचंही नाव त्या रकान्यात लागलं. चौथ्या दिवशी पुण्याहून एक गृहस्थ आले, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लेकीला भेटायला नाशिकला आले होते, क्लबात जेवायला गेले, बोर्ड वाचला. १९७१ मध्ये हे दोघे एकाच बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, सेकंड लेफ्टनंट होते. युद्ध थांबल्यावरही त्यांची बॅटरी पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला कित्येक महिने तिथंच बसून होती. ते बरंच बोलले, आणि बोलता बोलता मला विचारलं, "मॅडम, तो भोपळा खायचा का हो?"

मी घारगे फार चांगले करते. संसाराची त्रेचाळीस वर्षं या माणसानं माझ्या घारग्यांना हात लावला नाही, आणि मी दर श्रावणात त्यावरून भांडत आले. तर त्या हिवाळ्यात म्हणे रसदीच्या गाडीतून भोपळ्याशिवाय काही येतच नव्हतं. दुपारी भोपळा, रात्री भोपळा, कितीतरी आठवडे. दोघांनी शपथ घेतली होती की जिवंत परतलो तर पुन्हा नाही. मी त्या परक्या माणसासमोर हसत होते आणि रडत होते. हे मला यांनी कधीच का सांगितलं नाही? कारण ते सांगायला लागले असते तर भोपळ्यापाशी थांबता आलं नसतं. ज्याला पुढचं आधीच ठाऊक आहे, त्याच्यासमोरच ते भोपळ्यापाशी थांबू शकत होते. क्लबात ठेवलंय ते हे. बिलात त्याची वेगळी ओळ नसते.

माझा मुलगा परदेशी असतो. तो मामाच्या बाजूचा, पण जरा सौम्य. त्याचं म्हणणं, आता व्हॉट्सॲपवर कोर्सचा ग्रुप आहे, रेजिमेंटचा ग्रुप आहे, मग क्लब कशाला? ग्रुप माझ्याही फोनवर आहेत. सकाळी सूर्योदय आणि गुलाब, दुपारी पेन्शनची परिपत्रकं, रात्री राजकारण. दीडशे जणांत एखादा पंधरा दिवस गप्प राहिला तर कुणाच्या लक्षात येत नाही. क्लबात चार नंबरच्या टेबलावरची खुर्ची दोन गुरुवार रिकामी दिसली की सेक्रेटरी फोन लावतो. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका एकट्या राहणाऱ्या मॅडम न्हाणीघरात पडल्या होत्या. त्या सापडल्या त्या अशाच, तंबोल्याला आल्या नाहीत म्हणून. पण खुर्चीत बसायला माणसं येणं बंद झालं की इमारत क्लबाला वाचवू शकत नाही. लंडनचा युनायटेड सर्व्हिस क्लब वॉटर्लूच्या साली, १८१५ मध्ये, निघाला आणि १९७८ मध्ये बंद पडला. पॅल मॅलवरची त्याची देखणी इमारत आजही उभी आहे, आता तिथं कंपन्यांच्या डायरेक्टरांची संस्था आहे.

‘साहेबाची उष्टी पत्रावळ’ या शब्दांचा मात्र मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण ही पत्रावळ आपल्याला कुणी वाढली नव्हती. साहेबानं हिंदी माणसाला कमिशन दिलं, पण त्याच्याबरोबर क्लबाचं दार उघडलं नाही. अंगावर राजाची वर्दी, हाताखाली राजाचे शिपाई, आणि संध्याकाळी क्लबाच्या फाटकावरून परत. दुसऱ्या महायुद्धात मलायाच्या बचावासाठी पाठवलेल्या हिंदी अधिकाऱ्यांना तिथल्या गोऱ्यांच्या क्लबांत प्रवेश नव्हता. ज्या मळेवाल्यांसाठी लढायचं त्यांच्याच पोहण्याच्या तलावात उतरायची बंदी! पुढं आझाद हिंद सेनेत गेलेल्यांपैकी अनेकांच्या मनात हा सल होता. उलट जे राहिले त्यांनी काय केलं? १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉला एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणी तीन हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढल्या. थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. तिघांनाही डी.एस.ओ. हे शौर्यपदक मिळालं. पुण्याच्या कॅम्पातली आर.एस.आय. ही लष्करी अधिकाऱ्यांची संस्था ज्यांच्या नावानं आहे, त्या राजेंद्रसिंहजींनी १९४१ मध्ये लिबियात मेचिलीला जर्मनांचा वेढा फोडून आपली माणसं बाहेर काढली होती. १९४८ मध्ये हैदराबादच्या कारवाईवेळी दक्षिण कमांड त्यांच्याकडं होती, आणि १९५५ मध्ये ‘कमांडर-इन-चीफ’ जाऊन ‘लष्करप्रमुख’ हे पद आलं तेव्हा त्या खुर्चीतले पहिले तेच. या पिढीनं नाकारलेल्या घरात शिरून त्याचा ताबा घेतला, आणि राजाच्या नावानं उंचावला जाणारा पेला राष्ट्रपतींच्या नावानं उंचावला. याला उष्टं खाणं म्हणत असाल, तर बंधुराजांची बँक कुठून आली? इंपीरियल बँकेचं नाव १९५५ मध्ये बदललं, तिजोऱ्या त्याच होत्या. त्यांच्या पेन्शनला साहेबाचा वास येत नाही, तो फक्त माझ्या क्लबाच्या गालिच्याला येतो.

एक गोष्ट कबूल करते. पोशाखाचे नियम हास्यास्पद आहेत. कोल्हापुरी चपला घालून बंधुराज एकदा माझ्याबरोबर आले होते, आणि फाटकावरच्या माणसानं अतिशय नम्रपणे त्यांना आत सोडलं नाही. त्यांचा खरा राग तिथं आहे, हे मला माहीत आहे, आणि तो रास्त आहे. नाशिकच्या उन्हात लेसचे बूट घालून भात खाणं यात शिस्त कुठली? नौदलानं २०२४ मध्ये आपल्या मेसमध्ये जाकिटासह कुर्ता-पायजमा चालेल असं जाहीर केलं, पायात सँडलही चालेल असं सांगितलं. बोटी काही त्यामुळं बुडाल्या नाहीत.

अजूनही कबूल करण्यासारखं आहे, आणि ते बंधुराजांना माहीतही नाही. बायकांच्या जगात या क्लबांनी पुष्कळ त्रास दिला. नवऱ्याच्या खांद्यावरचे तारे बायकोच्या पदरावर लावले जायचे. एका स्टेशनात मी तापात असताना साठ माणसांसाठी कटलेट तळली, कारण एका सीनियर मॅडमना तसं वाटलं. आजही माझ्या कार्डावर माझं नाव बारीक अक्षरात आणि ‘कै. कर्नल यांच्या पत्नी’ ठळक अक्षरात आहे. २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याच्या एन.डी.ए.तून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांचे नवरे जेव्हा ‘अमुक मॅडमचे पती’ असं कार्ड खिशात घालून येतील तेव्हा ते छापणाऱ्याची तारांबळ बघायला मला जगायचं आहे.

जमिनीबद्दल थोडक्यात. संरक्षण खात्याकडं देशभरात सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. त्यावरच्या गोल्फच्या मैदानांवर महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढलेत, ते योग्यच आहेत. गोल्फनं माझे असंख्य रविवार खाल्ले आहेत, मी त्याची वकिली करणार नाही. मैदानांचा हिशेब घ्या. चार खोल्या, एक व्हरांडा आणि एक नोटीस बोर्ड यांना त्यात ओढू नका.

राहता राहिला जवान. हा आरोप इतरांसारखा झटकून टाकता येत नाही.

अधिकाऱ्यांचा क्लब अधिकाऱ्यांचा असतो. युनिटमध्ये बडा खाना होतो, सगळे एकत्र जेवतात, साहेब स्वतः वाढतात. पण तो सणापुरता. रोजची संध्याकाळ वेगवेगळी. याची लष्करी कारणं मला यांनी अनेकदा सांगितली: उद्या ज्याला गोळ्यांच्या तोंडी पुढं जा म्हणून सांगायचं त्याच्याशी आज पत्ते खेळून चालत नाही, वगैरे. सेवेत असताना ते खरं असेल. निवृत्तीनंतर दोघांच्याही गुडघ्यांवर एकच शस्त्रक्रिया झालेली असताना ते कितपत खरं राहतं, मला शंका आहे. आणि ट्रे घेऊन उभा असलेला माणूस जर सैनिक म्हणून भरती झालेला असेल तर ते चूकच. तिथं खानसामा पगारावर ठेवावा आणि बिल वाढवावं, मी भरीन.

पण बंधुराज, जवानाला परत जायला काय होतं ते बघा. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. आजही तिथं घरटी कुणी ना कुणी फौजेत आहे. तिथल्या पारावर निवृत्त सुभेदार बसतो तेव्हा त्याला कुणी सिक्युरिटी एजन्सीचं विचारत नाही. शेजारचा म्हातारा त्याचाच पलटणीतला असतो, पोरगा त्याच पलटणीत निघालेला असतो. यांना अशा गावाचा मनापासून हेवा वाटायचा. अधिकाऱ्यांचा क्लब ही त्या पाराची शहरात केलेली, जरा महाग आणि जरा आखडू, अशी नक्कल आहे.

मात्र सगळ्यांचं गाव अपशिंगे नसतं, आणि खरी काळजी इथं आहे. २०२२ पासून पोरं अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात. चारांतला एक राहणार, तीन परत येणार, बाविशी-पंचविशीत. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिक हा दर्जा नाही, कॅन्टीनचं कार्डही नाही. लोणी खाऊन लोळणाऱ्यांच्या क्लबावर टीका करताना बंधुराजांनी या पोरांचा एकदाही उल्लेख केला नाही. क्लबात खरंच काही ठेवलेलं नसेल, तर या पोरांनाही काही कमी पडणार नाही, झोपा निवांत. पण माझ्याप्रमाणे त्यांनी ती इस्पितळातली पाच माणसं आठवली, तर मग माझ्या क्लबाला कुलूप लावायची मागणी कशी करतील? मागणी अशी व्हायला हवी की त्या पोरांसाठी प्रत्येक तालुक्याला एक व्हरांडा, एक बोर्ड आणि फोन लावणारा एक सेक्रेटरी असू दे. त्या मागणीवर बंधुराजांनी सही मागितली तर मी पहिली करीन, आणि क्लबातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या आणून देईन. त्यांना असल्या अर्जांची सवय आहे. २०१५ मध्ये ‘वन रँक वन पेन्शन’साठी यांतलेच काही जण भर जूनमध्ये दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसले होते, आणि शेजारच्या सतरंजीवर सुभेदार-हवालदार होते.

आता शेवटचं, आणि हे तुलाच सांगते. दर वर्षी क्लब एक फॉर्म भरून घेतो. त्यात एक रकाना असतो: आणीबाणीत कुणाला कळवावं. मुलगा परदेशात, फोन लागेल न लागेल, म्हणून गेली सात वर्षं मी तिथं तुझं नाव आणि नंबर लिहिते. नातं: धाकटा भाऊ. म्हणजे क्लबाच्या कपाटात तूही आहेस. एखाद्या गुरुवारी चार नंबरच्या टेबलावरची माझी खुर्ची रिकामी दिसली तर सेक्रेटरी आधी मला लावेल आणि मग तुला. कागदपत्रांसाठी तुला तिथं जावं लागेल, आणि फाटकावर तोच माणूस असेल. तेव्हा एक जोड घेऊन ठेव. काळे, लेसवाले. नऊ नंबर ना तुझा?